बी-वनचं दुसरं पान

पत्र आलं तेव्हा रीमास शाळेत होती, आणि पुढचं सगळं रामायण एवढ्या एका गोष्टीमुळे घडलं. त्या घरात डच वाचू शकणारं माणूस एकच होतं आणि ते अकरा वर्षांचं होतं. विजेचं पत्र, दाताच्या डॉक्टरची तारीख, शेजाऱ्यांची चिठ्ठी, काहीही आलं की तिचा बाप मुंझिर ते फ्रिजवर चिकटवायचा आणि शाळा सुटायची वाट बघायचा. पण त्या दिवशीच्या पाकिटावर नगरपालिकेचा शिक्का होता, आणि मुंझिरला काही दम निघेना.

"फोनला विचारू या," सौसन म्हणाली. तिने पहिलं पान खिडकीशी धरून त्याचा फोटो काढला. दुसरं पान टेबलावर ठेवलं आणि त्यावर कॉफीचं गरम भांडं ठेवलं, कारण टेबल नवं होतं.

फोनने अरबीत सांगितलं, "श्री. मुंझिर, आपण डिसेंबरमध्ये चाचणी दिलीत. तिच्या निकालावरून आपली पातळी ठरवण्यात आली आहे. बी-वन."

'बी-वन' जाड ठशात होतं आणि खाली कोणाची तरी झोकदार सही होती. मुंझिर मटकन खुर्चीत बसला. भाषेच्या वर्गात बी-वनचं नाव लोक आवाज खाली करून घेत. तीन वर्षांत ते मिळालं तर देव पावला, असं तिथे सगळे मानत. मुंझिरचा वर्ग सुरू होऊन चार महिने झाले होते आणि अजून 'बेकरीत' हा धडा चालू होता.

"तुम्हाला पाव तरी मागता येतो का?" सौसनने विचारलं. नवऱ्याचं कौतुक करताना ती आधी खात्री करून घ्यायची.

"येतो की. बोट दाखवतो."

"मग परीक्षेत काय केलंत?"

"त्रिकोण होते, चौकोन होते, आकडे होते. यातलं वेगळं कोणतं, असं होतं. तिथेही बोटच दाखवायचं होतं."

सौसनने क्षणभर विचार केला. शेवटी सही होती, शिक्का होता, जाड ठसा होता. सरकारी कागदाशी वाद घालण्याइतकी ती भोळी नव्हती. तिने तडक झ्वोल्ले गावातल्या भावाला फोन लावला. अदीब आठ वर्षांपूर्वी आला होता आणि जुन्या नियमाने पास होऊन बसला होता.

"बी?" अदीब म्हणाला. "मला ए-टू मिळालं होतं. ए! भाऊजी, टोमॅटो घेताना तुम्ही ए घेता की बी?"

मुंझिरचा चेहरा पडला. सौसनने फोन हिसकावून बंद केला. "पोटात दुखतंय त्याच्या," ती म्हणाली. "लहानपणापासून असाच आहे."

मुंझिरला राहवेना. तो चपला घालून मागच्या अंगणात गेला. कुंपणापलीकडे हेनीकाकू आपल्या सशाच्या खुराड्यात गवत भरत होत्या. वय चौऱ्याहत्तर, आवाज चौदाचा. गेले चार महिने त्या मुंझिरशी दयाळूपणे इंग्रजीत बोलत असत. मुंझिरला इंग्रजीही येत नव्हतं, पण त्यांच्या मनाला बरं वाटत असेल तर वाटू दे, म्हणून तो ऐकून घ्यायचा.

"हेनीकाकू!" तो डचमध्ये ओरडला. "मी! बी-वन!"

हेनीकाकूंच्या हातातलं गवत खाली पडलं. "काय सांगतोस! चार महिन्यांत? अरे गुलामा, आणि पाव आणायला मुलीला पाठवतोस होय?" एवढं बोलून त्या जे धावल्या, ते पुढच्या दारी झेंडा घेऊनच उगवल्या.

त्या देशात पोरगं शाळेची शेवटची परीक्षा पास झालं की घरावर झेंडा लागतो आणि काठीच्या टोकाला त्याचं दप्तर टांगलं जातं. हे जूनमध्ये होतं आणि अठरा वर्षांच्या पोरांसाठी होतं. पण हेनीकाकूंनी महिना पाहिला नाही की वय पाहिलं नाही. "दप्तर आण," एवढंच म्हणाल्या. मुंझिरचं दप्तर म्हणजे रीमासने टाकून दिलेलं गुलाबी दप्तर, वर एक शिंगवालं घोडं. त्यातली वही-पुस्तकं बाहेर काढून ते घोडं काठीवर चढवण्यात आलं. जानेवारीच्या वाऱ्यात ते गल्लीभर दिसेल असं उडू लागलं.

मग काय विचारता. तासाभरात बैठकीच्या खोलीत सात शेजारी गोल करून बसले होते. ज्यांनी यायच्या आधी पंधरा दिवस वेळ ठरवली असती ते दार वाजवून आत आले होते. सगळ्यांनी मुंझिरचं अभिनंदन केलं, मग सौसनचं केलं, आणि मग एकमेकांचंही केलं. सौसनने त्यांना बकलावा वाढला, मग खिम्याचे तळलेले किब्बे वाढले, मग परत बकलावा वाढला. एका बिस्किटाच्या तयारीने आलेली माणसं घामाघूम झाली.

तीन वाजता रीमास कोपऱ्यावरून वळली आणि आपलं जुनं दप्तर आकाशात पाहून जागीच थांबली. घरात आली, गोल पाहिला, बापाच्या चेहऱ्यावरचं तेज पाहिलं, आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन तिने पत्र उचललं. भांडं बाजूला केलं. दुसऱ्या पानावर कॉफीचं गोल तपकिरी कडं उठलं होतं.

"बाबा," तिने हाक मारली. "जरा आत या."

"काय गं?"

"हे मिळालेलं नाही. हे मिळवायचंय. इथे लिहिलंय, 'वरील पातळी आपण तीन वर्षांच्या आत गाठायची आहे.' त्या चाचणीत त्यांनी फक्त एवढंच बघितलं की तुम्हाला कुठपर्यंत पाठवता येईल."

"म्हणजे मी बी-वन नाही?"

रीमासने त्याला दारातून जिना दाखवला. तिथल्या घरांतला जिना म्हणजे उभी शिडीच. "पहिली पायरी ए-वन. दुसरी ए-टू, अदीबमामाच्या वेळी तिथपर्यंत चढलं की पुरायचं. तिसरी बी-वन. आता नियम बदललाय, तिसरी चढायची. खूप तास शिकूनही नाहीच जमलं तर काही विषय दुसरीवर चालतात."

"आणि मी कुठे आहे?"

रीमासला बापाचं मन मोडायचं नव्हतं, पण ती खोटं बोलत नसे. "पायपुसण्यावर," ती म्हणाली.

बाहेरून हसण्याचा आवाज आला. मुंझिरने दारातून वाकून पाहिलं. हेनीकाकूंच्या तोंडात तिसरा बकलावा होता.

"आत्ता जाऊन सांगा," सौसन कुजबुजली.

"आत्ता? त्यांच्या तोंडात घास असताना? उद्या सांगतो."

तो 'उद्या' काही उगवेना. झेंडा संध्याकाळी अंधार पडायच्या आत हेनीकाकूंनी नियमाप्रमाणे स्वतः येऊन उतरवला, पण दप्तर राहिलं. दप्तराला अंधाराचा नियम नाही, म्हणाल्या. मुंझिर भाषेच्या वर्गाला पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन जाऊ लागला. वर्गात 'बेकरीत' संपून 'डॉक्टरांकडे' सुरू झालं होतं, आणि त्याला दोन्हीकडे अजून बोटच दाखवावं लागत होतं.

खरी आफत पुढेच होती. मुंझिर बी-वन आहे म्हटल्यावर गल्लीने त्याच्याशी इंग्रजी बोलणं बंद केलं. जो तो भेटेल तिथे सायकल थांबवून घडाघडा डच बोलायला लागला. आणि इथे मुंझिरची बावीस वर्षांची सवय त्याच्या मुळावर आली. सीरियात, हमा शहरात त्याचं केशकर्तनालय होतं. खुर्चीतलं गिऱ्हाईक राजकारणावर बोलो, सासूवर बोलो, कात्री चालू ठेवायची आणि दर दोन वाक्यांनी म्हणायचं, "हो हो." हा त्याचा हातखंडा होता. डचमध्येही 'हो'ला एकच शब्द आहे आणि तो सोपा आहे.

सोमवारी चौथ्या घरातले उंच बाउके थांबून पाच मिनिटं बोलले. मुंझिर म्हणाला, हो हो. बुधवारी संध्याकाळी ते काळा कोट घेऊन दारात उभे राहिले. चर्चच्या गायनमंडळात भरदार आवाजाचा माणूस कमी होता आणि तो आता मिळाला होता. मुंझिर मागच्या रांगेत उभा राहून दोन तास नुसतं तोंड उघडत आणि मिटत होता.

त्याआधी मंगळवारी हेनीकाकू कुंपणाशी बराच वेळ बोलल्या. मुंझिरला मधले मधले शब्द लागत होते, "… ससा … … सहा आठवडे … … स्पेन … … सगळी … … ना?" तो म्हणाला, हो हो. हेनीकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात दाबले. शुक्रवारी सकाळी ससा, खुराडं, गवताची पोती आणि एक हाताने लिहिलेला कागद घरात आला आणि हेनीकाकू विमानतळावर गेल्या. सशाचं नाव स्नोर, म्हणजे मिश्या. मुंझिरला न्हाव्याच्या घरी मिशीवालं जनावर येणं त्यातल्या त्यात शुभ वाटलं. रीमासने कागद वाचला, "गवत दिवसातून दोनदा, पाणी ताजं, गाजर थोडंच," आणि चुंबकाने फ्रिजवर लावून टाकला. ती खूश होती. तिला मोठेपणी प्राण्यांची डॉक्टर व्हायचं होतं.

आणि तिसरा 'हो हो' त्याने रीमासच्या शाळेच्या फाटकाशी म्हटला होता. तो कशाला म्हटला, हे घरी चिठ्ठी आल्यावर कळलं.

"बाबा, तुम्ही मार्लूसबाईंना काय सांगितलंत?" रीमासचा आवाज चढला होता. "गुरुवारी दहा मिनिटांच्या भेटीला तुम्ही एकटे येणार म्हणून? मी नको म्हणून?"

"मी कुठे काय सांगितलं? त्या बोलल्या, मी हो म्हटलं."

"त्यांनी दप्तर पाहिलंय सायकलवरून जाताना! म्हणाल्या, आता तुझ्या बाबांना तुझी गरज नाही!" रीमास रडकुंडीला आली. "बाबा, ही साधी भेट नाही. पुढे मी कुठल्या शाळेत जायचं ते त्या दिवशी लिहिणार आहेत."

मग तिने बापाला खुर्चीत बसवलं आणि आकडे शिकवले. पुढच्या शाळा तीन प्रकारच्या. चार वर्षांची, पाच वर्षांची आणि सहा वर्षांची. प्राण्यांचं डॉक्टर व्हायला सहाची लागते, निदान पाचच्या दारातून तरी शिरावं लागतं. "बाई 'सहा' म्हणाल्या तर मान हलवा. 'चार' म्हणाल्या तर काहीही झालं तरी हलवू नका. बाबा, कळलं?"

"हो हो," मुंझिर म्हणाला. सौसनने कपाळाला हात लावला.

गुरुवारी चारला दहा कमी असताना मुंझिर वर्गाबाहेर इवल्याशा खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. आपल्या मानेवर आपल्या मुलीचं आयुष्य टांगलेलं आहे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आत बोलावलं गेलं. मार्लूसबाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या आणि नवीन होत्या. आधीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्यामुळे त्या नाताळानंतरच आल्या होत्या. टेबलावर रीमासचा एक मोठा कागद आणि एक छोटं घड्याळ. त्यांनी घड्याळ दाबलं आणि बोलायला सुरुवात केली.

"रीमास … … गोड … … गणित … … पण … वाचन … … … … … चार … … बरोबर ना?"

बाईंचं पेन कागदावर टेकलं होतं. मुंझिरची मान आपोआप खाली जायला लागली. बावीस वर्षांची मान ती. निम्म्या वाटेत त्याला 'चार' आठवला आणि त्याने आपल्या हातानेच आपली हनुवटी धरली.

"नाही," तो म्हणाला.

नेदरलँड्समध्ये आल्यापासून त्याने हा शब्द पहिल्यांदाच वापरला होता. त्याला स्वतःलाच दचकायला झालं.

"नाही?" बाईंनी पेन उचललं.

"मी बी-वन नाही," मुंझिर म्हणाला. आता तोंड उघडलंच होतं. "मी ए-वन. ए-वन पण पूर्ण नाही. पत्र होता, दोन पान. मी एक पान वाचला. दुसरा पान कॉफीखाली. दप्तर खोटा. मला माफ करा. हळू बोला."

मार्लूसबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. सहा मिनिटं उरली होती. मग त्यांनी घड्याळ पालथं घातलं आणि एकेक शब्द वेगळा काढून समोर ठेवला. "रीमास. गणित. फार छान. वाचन. कमी. खूप कमी. म्हणून. चार वर्षांची शाळा."

"वाचन कमी?" मुंझिरला हे समजलं आणि खरं वाटेना. "रीमास वाचतो सगळा. नगरपालिकेचा पत्र, दवाखान्याचा पत्र. वीज, पाणी, विमा. दुसरा पान पण वाचतो."

"विमा?" बाई म्हणाल्या. "विम्याची पत्रं मलाही वाचवत नाहीत."

पण कागदावर तर वाचन कमीच होतं. मुंझिर त्या कागदाकडे बघत राहिला. जाड ठसा होता, सही होती. त्याला एकदम आपलं नवं टेबल आठवलं.

"उलटा करा," तो म्हणाला. "दुसरा पान आहे?"

बाईंनी कागद उलटला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत तारखा होत्या. बारा नोव्हेंबर, वाचन चाचणी, गैरहजर. सव्वीस नोव्हेंबर, वाचन चाचणी, गैरहजर. डच कितीही कच्चं असलं तरी त्या दोन तारखा मुंझिरला पाठ होत्या. फ्रिजवर महिनाभर लावलेल्या होत्या त्या.

त्याने बोट ठेवलं. "बारा. माझा दात." बोट खाली सरकलं. "सव्वीस. माझे डोळे, दवाखाना. मी बोलत नाही, रीमास बोलते. रीमास माझा तोंड आहे." आणि मग त्याला फार लाज वाटली आणि फार वाईट वाटलं, आणि ते सांगायला कुठल्याच पायरीवरचे शब्द त्याच्याकडे नव्हते. पोर दोन वर्षं आपलं तोंड होऊन हिंडली आणि इकडे तिचं वाचन शून्यावर बसलं. त्याने खिशातून रुमाल काढून डोळे पुसले.

मार्लूसबाईंनी बराच वेळ तारखा पाहिल्या. मग पेनला टोपण लावलं. "दोन चाचण्या," त्या सावकाश म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात. परत घेते. तोपर्यंत इथे. काही लिहीत नाही. पण रीमास. शाळेत. रोज."

"रोज," मुंझिर म्हणाला. "दाताला मी एकटा."

"जमेल?"

"बोट दाखवतो."

त्या दिवशी घरी येताना मुंझिरने प्रत्येक दार वाजवलं. "मी ए-वन. पत्र अर्धा वाचला. हळू बोला," असं तो एकेकाला सांगत गेला. आधी लोक गोंधळले. बाउकेंना वाटलं, माणूस एका आठवड्यात दोन पायऱ्या घसरला, आजारी आहे की काय. पण मग गल्ली हळू बोलायला लागली, जरा मोठ्यानेही बोलायला लागली, आणि गंमत म्हणजे मुंझिरला समजायला लागलं. बाउकेंनी त्याला सावकाश विचारलं, "गायनमंडळात यायला आवडतं का?" आणि मुंझिर आनंदाने म्हणाला, "नाही!" बाउकेंनीही फार वाईट वाटून घेतलं नाही. ते त्याच्या शेजारीच उभे राहत असत. गुलाबी घोडं काठीवरून उतरलं आणि परत भाषेच्या वर्गात जाऊ लागलं.

रीमासने दोन्ही चाचण्या दिल्या. तीन आठवड्यांनी मार्लूसबाईंनी त्या रिकाम्या जागेत 'पाच/सहा' असं लिहिलं, आणि मुंझिरने आधी कागद उलटून मागे काही नाही ना हे पाहिलं, आणि मगच मान हलवली. रीमासने त्याच्या गळ्याला मिठी मारली. सौसनने झ्वोल्लेला फोन लावला. अदीब म्हणाला, "पाच की सहा? एक काहीतरी ठरवा की." तिने फोन बंद केला.

"आजपासून या घरात नियम," मुंझिर रात्रीच्या जेवणाआधी म्हणाला. तो दाताच्या डॉक्टरकडे एकटा जाऊन आला होता, भलताच दात दाखवून का होईना, पण आला होता, आणि त्याची छाती फुगली होती. "कागद आला की आधी दुसरं पान. ते वाचल्याशिवाय कोणी हलायचं नाही."

"हा कागद नाही उलटला आपण," सौसन म्हणाली. तिने फ्रिजकडे बोट दाखवलं. हेनीकाकूंचा कागद अजून चुंबकाखाली होता. "आणि तो ससा किती फुगलाय बघितलंत? तीन दिवस गवत ओढून ओढून कोपऱ्यात ढीग करतोय. गाजर जास्त होतंय त्याला."

मुंझिरने कागद काढला आणि उलटला. मागच्या बाजूला तेच गोल गोल अक्षर होतं. रीमासने हात पुढे केला, पण त्याने कागद वर धरला. "थांब. मी वाचतो." आणि तो ओठ हलवत, बोट फिरवत, मोठ्याने वाचू लागला.

"प्रिय मुंझिर. स्नोर मादी आहे. नाव ठेवलं तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. साधारण महिन्याभरात तिला पिल्लं होतील. बाहेर कोणी एवढी पिल्लं घेत नाही, म्हणून मी फार काळजीत होते. मी तुला कुंपणापाशी विचारलं, सगळी तूच कायमची ठेवून घेशील ना, आणि तू एका क्षणात म्हणालास, हो हो. तुझ्यासारखा मोठ्या मनाचा माणूस मी पाहिला नाही."

मुंझिर थांबला. सौसनने हळूच त्याच्याकडे पाहिलं. "सगळं समजलं?" तिने विचारलं.

"शब्दन् शब्द," मुंझिर खुर्चीत बसत म्हणाला.

खुराड्यापाशी रीमास केव्हाच पालथी पडली होती. तिने गवत हलक्या हाताने बाजूला केलं, ओठ हलवत मोजलं, परत एकदा मोजलं, आणि आनंदाने लाल झालेला चेहरा वर केला.

"बाबा," ती म्हणाली, "आठ आहेत."